डोक्यावरची हवा कुठून आलीये ते कसं ओळखायचं: ड्यू पॉइंट, वारा आणि ढगांवरून हवामान वाचायची पद्धत

हवामान बघायचं म्हटलं की आपण काय करतो, फोन उघडतो, टेंपरेचर बघतो, आज ३४ उद्या ३५, झालं. पण नुसत्या टेंपरेचरवरून पुढं काय होणारे ते फारसं कळत नाही, कारण ३४ अंशांची कोरडी हवा आणि ३४ अंशांची दमट हवा या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत, एकीत कपडे तासाभरात वाळतात आणि दुसरीत संध्याकाळी गारपीट होऊ शकते. त्यामुळे विचारायचा प्रश्न एकच, आत्ता माझ्या डोक्यावर जी हवा आहे ती आली कुठून? राजस्थानकडून, अरबी समुद्रावरून, की बंगालच्या उपसागरावरून? एवढं जमलं की बातम्यांमधलं निम्मं हवामान आपोआप समजायला लागतं, आणि यासाठी कुठलंही विकतचं यंत्र लागत नाही.

शाळेत भूगोलात वायुराशी आणि आघाड्या शिकलेलो असतो आपण. हवेचा मोठा, हजार-दोन हजार किलोमीटर पसरलेला साठा एखाद्या प्रदेशावर काही दिवस बसून राहिला की त्या प्रदेशाचा गुण घेतो, वाळवंटावर बसला तर कोरडा, समुद्रावर बसला तर दमट, बर्फावर बसला तर गार, आणि मग तो सरकत दुसरीकडं गेला की आपला गुण बरोबर घेऊन जातो. ही झाली वायुराशी. दोन वेगळ्या वायुराशी जिथं एकमेकींना भिडतात ती सीमा म्हणजे आघाडी, म्हणजे फ्रंट. हे सगळं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतल्या बर्गन गावात मांडलं गेलं, विल्हेल्म बियर्कनेस, त्याचा मुलगा याकोब आणि त्यांची मंडळी, याकोबचा गाजलेला पेपर १९१९ चा. पुस्तकातल्या त्या निळ्या त्रिकोणांच्या आणि लाल अर्धगोलांच्या रेषा तिथल्याच. आणि गडबड इथंच होते, कारण ती चित्रं युरोपच्या आकाशाची आहेत, आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ, आपल्याकडं दोन हवांमधला टेंपरेचरचा फरक तेवढा तीव्र राहत नाही त्यामुळे तसा टिपिकल फ्रंट पुण्या-नाशिकपर्यंत क्वचितच शाबूत पोचतो. आपल्याकडं सीमा असते ती कोरड्या आणि ओल्या हवेची. टेंपरेचर दोन्हीकडं सारखं दिसेल, फरक असतो वाफेचा, आणि आपली सगळी नाटकं, वळीव, गारपीट, मॉन्सूनचं येणं-रेंगाळणं-जाणं, या ओल्या-कोरड्याच्या शिवणीवर होतात.

म्हणून पहिलं काम, ड्यू पॉइंट बघायला शिका

ड्यू पॉइंट म्हणजे दवबिंदू तापमान, हवा किती अंशांपर्यंत गार केली की तिच्यातली वाफ दव बनून बाहेर पडायला लागेल तो आकडा. बहुतेक हवामानाच्या अॅपमध्ये असतो, जरा खाली स्क्रोल करावं लागतं, कधी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. लोक ह्युमिडिटी बघतात, टक्केवारीतली, आणि तिथंच फसतात.

एक उदाहरण घ्या. डिसेंबरात नाशिकला पहाटे १२ अंश आणि ह्युमिडिटी ९० टक्के. त्याच दिवशी दुपारी २९ अंश आणि ह्युमिडिटी ३० टक्के. वाटेल की सकाळी हवा ओली होती आणि दुपारी कोरडी झाली. पण दोन्ही वेळचा ड्यू पॉइंट काढला तर दोन्हीकडं जवळपास १० अंशच येतो. म्हणजे हवा बदललीच नाही, वाफ तेवढीच आहे, फक्त हवा तापली म्हणून टक्केवारी घसरली. टक्केवारी सूर्याबरोबर दिवसभर वरखाली होते, ड्यू पॉइंट मात्र हवा बदलली तरच मोठी उडी मारतो, म्हणून हवेची जात ओळखायला तोच कामाचा.

मी धरलेले ढोबळ आकडे असे, देशावरच्या गावांसाठी, म्हणजे पुणे नाशिक संभाजीनगर सांगली सोलापूर वगैरे. १० च्या खाली असेल तर उत्तरेची किंवा वायव्येची कोरडी हवा बसलीये, रात्री थंडी पडणार, दिवसा ऊन, पावसाचं नाव नको. १० ते १६ म्हणजे मिसळलेली, काही विशेष नाही. पावसाळा नसताना १८ च्या वर गेला तर समुद्राची हवा आत शिरलीये, आता वर काय चाललंय ते बघायलाच पाहिजे. २२-२३ च्या वर म्हणजे पावसाळी हवा. मुंबई, कोकण, गोव्यासाठी हे आकडे वर सरकवून घ्या, तिथं पावसाळ्यात २४-२५ नेहमीचंच, आणि जानेवारीत एखाद्या दिवशी मुंबईत १० च्या आसपास आला तर समजायचं की जमिनीकडची हवा घाट उतरून किनाऱ्यापर्यंत आलीये. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंशांपर्यंत पारा उतरला होता, मुंबईत एवढी थंडी समुद्राच्या हवेत पडूच शकत नाही, ती उत्तरेची कोरडी हवाच लागते.

शेतकऱ्यांना याचा एक रोकडा उपयोग आहे. संध्याकाळी सहाचा ड्यू पॉइंट म्हणजे त्या रात्रीच्या किमान तापमानाचा साधारण तळ. आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल तर पहाटेपर्यंत पारा ड्यू पॉइंटच्या जवळ जातो आणि तिथं दव पडायला लागलं की वाफ पाण्यात बदलताना उष्णता सोडते, त्यामुळे पुढची घसरण मंदावते. म्हणजे संध्याकाळी ड्यू पॉइंट १४ असेल तर द्राक्षबागेत पहाटे ५ अंश होतील ही भीती त्या रात्रीपुरती बाजूला ठेवायची. तोच २ असेल तर मात्र निफाडकरांनी शेकोटीची तयारी करावी. (रात्रीतून नवी कोरडी हवा आली तर हे गणित चुकतं, म्हणून वाऱ्याची दिशा पण बघायची, ते पुढं येतंच.)

वारा

वाऱ्याचं नाव तो जिथून येतो त्यावरून असतं आणि अॅपमधला बाण बहुतेक वेळा तो जिकडं चाललाय ते दाखवतो, यात भलेभले गोंधळतात, त्यामुळे आधी आपल्या अॅपमध्ये नक्की काय दाखवतात ते एकदा खात्री करून घ्या. बाहेर जाऊन धूर किंवा झेंडा बघणं कधीही चांगलं, फक्त बिल्डिंगच्या बोळात बघू नका, तिथला वारा बोळाचा असतो, गच्चीवर जा.

उत्तर किंवा वायव्य वारा हिवाळ्यात म्हणजे कोरडा आणि थंड. इथं एक गैरसमज काढून टाकू, बातम्यांत कधीकधी सायबेरियाची थंडी आली वगैरे लिहितात, तर सायबेरियाची हवा थेट आपल्याकडं येत नाही, हिमालय मध्ये आडवा आहे, आपल्याकडं येते ती बाजूनं वायव्येकडून आलेली, पंजाब-राजस्थानवरून सरकत तापत तापत आलेली. म्हणून तर दिल्लीला दातखीळ बसते आणि आपण हाफ स्वेटरवर भागवतो. आग्नेय आणि पूर्वेचा वारा म्हणजे बंगालच्या उपसागराची ओल, विदर्भ आणि मराठवाड्याला ही जास्त मिळते. नैर्ऋत्य आणि पश्चिम म्हणजे अरबी समुद्र. पण एप्रिलमध्ये पश्चिमेचा वारा पुण्याला आला म्हणून लगेच पाऊस येत नाही, समुद्राची ओल बहुतेक वेळा खालच्या किलोमीटर-दोन किलोमीटरच्या थरातच असते आणि तिच्यावर कोरड्या गरम हवेचं झाकण असतं, ते झाकण फुटलं तरच ढग वर जातो.

मुंबईचं एक वेगळं प्रकरण सांगतो. मार्चमध्ये मुंबई कधीकधी अचानक ४० ला का जाते? मार्चच्या उन्हानं एरवी मुंबई ३३ च्या आसपास राहते कारण दुपारच्या आत समुद्रावरून वारा येतो आणि जमिनीची गरम हवा मागं रेटतो. ज्या दिवशी पूर्वेचा वारा जोरात असतो त्या दिवशी हा समुद्री वारा यायला दुपार उलटून जाते, तोपर्यंत देशावरची कोरडी हवा घाट उतरताना दाबली जाऊन आणखी तापलेली असते. सांताक्रूझचा २८ मार्च १९५६ चा ४१.७ चा आकडा अजून सांगितला जातो. तर मार्चमध्ये मुंबईत असाल तर सकाळी दहा वाजता फक्त वारा बघा, पूर्वेचा आणि जोराचा असेल आणि ड्यू पॉइंट पडलेला असेल तर दुपारची बाहेरची कामं उद्यावर ढकला. ज्या क्षणी वारा पश्चिमेचा होतो तेव्हा पंधरा-वीस मिनिटांत पारा दोन-चार अंश उतरतो आणि घामाच्या धारा चालू होतात. हा समुद्री वाऱ्याचा छोटासा फ्रंटच, उन्हाळ्यात मुंबईकर त्यातून जवळपास रोज जातात.

फोनचा बॅरोमीटर असेल तर

बऱ्याच फोनमध्ये दाब मोजायचा सेन्सर असतो. पण उष्ण कटिबंधात दाब रोज आपोआप दोनदा चढतो दोनदा उतरतो, सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारला कमी, फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. त्यामुळे दुपारी दाब पडला म्हणून घाबरू नका, तुलना नेहमी काल याच वेळेशी करा. कालच्या दहापेक्षा आजचा दहाचा दाब तीनेक हेक्टोपास्कलनं कमी असेल तर काहीतरी येतंय. बास, याहून जास्त त्यात अडकू नका.

आता ढग, आणि चंद्राचं खळं

हिवाळ्यात आपल्याकडं जो बदल येतो त्याचं नाव पेपरात पश्चिमी झंझावात, पश्चिमी विक्षोभ किंवा पश्चिमी चक्रवात असं काहीही असू शकतं, वस्तू एकच. भूमध्य समुद्राकडून, कॅस्पियनकडून वरच्या पश्चिमी वाऱ्यांवर बसून इराण-अफगाणिस्तान-पाकिस्तान करत येणारी ही प्रणाली. हिमालयात बर्फ आणि पंजाब-हरियाणाच्या गव्हाला पाऊस देते. महाराष्ट्राला तिची फक्त शेपूट लागते, पण ती शेपूट बरोबर वेळ साधून आली तर वाट लावते.

ती येतानाचा क्रम जानेवारीत नीट बघता येतो. पहिल्यांदा थंडी गायब होते. आठवडाभर किमान १० अंश चाललेलं असतं आणि अचानक एका रात्रीत १५, लोक म्हणतात यंदा थंडी संपली वाटतं, तर नाही, वारा दक्षिणेकडं फिरलाय आणि ओल आलीये. मग आकाशात वरती पांढरे तंतू, पिंजलेल्या कापसासारखे, ते सगळे बर्फाच्या कणांचे, सहा-आठ किलोमीटरच्याही वर. मग ते दाट होऊन पांढरा पडदा आणि सूर्य पुसट, आणि रात्री चंद्राला खळं.

खळ्याबद्दल गावाकडं म्हणतात की खळं जवळ तर पाऊस लांब आणि खळं लांब तर पाऊस जवळ. शहरातली पोरं हसतात यावर पण यात तथ्य आहे. मोठं खळं असतं ते बर्फाच्या षटकोनी कणांतून प्रकाश वळल्यामुळे, ते नेहमी २२ अंशांवरच पडतं, म्हणजे हात लांब करून पंजा पूर्ण पसरला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण तेवढं. हे दिसलं म्हणजे वर बर्फाच्या कणांचा मोठा पडदा पसरलाय, जो बऱ्याचदा येणाऱ्या प्रणालीच्या पुढच्या भागात असतो. छोटं, चंद्राला चिकटून असलेलं रंगीत कडं म्हणजे पाण्याच्या बारीक थेंबांच्या पातळ ढगामुळे, ते नुसतंच येऊन जाऊ शकतं. तर चंद्रासमोर हात धरून बघा कुठलं खळं आहे. आणि खळ्यानंतर पाऊस येईलच असं नाही, आपल्याकडं बऱ्याचदा नुसतं ढगाळ वातावरण होऊन निघून जातं, पण द्राक्षवाल्याला तेवढंही पुरतं, भुरी आणि डाऊनी या दोन्ही रोगांसाठी. आंब्याचंही तसंच, मोहोर यायला कोरडी थंडी लागते आणि मोहोर आल्यावर ढगाळ दमट हवा आली की तुडतुडे.

झंझावात पुढं सरकला की मागून वायव्येची कोरडी हवा भरते, ड्यू पॉइंट दिवसभरात आठ-दहा अंशांनी कोसळतो, आकाश धुतल्यासारखं निळं, आणि त्या रात्रीपासून खरी थंडी. हवामान खातं थंडीची लाट कधी म्हणतं, तर सपाट भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त कमी. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात ते अशाच एखाद्या पहाटेचे, निरभ्र, वारा पडलेला, ड्यू पॉइंट शून्याच्या जवळ.

गारपिटीचा दिवस कसा ओळखायचा

हा भाग जरा सविस्तर, कारण पैसे यातच बुडतात.

गारा पडायला तीन गोष्टी एकाच वेळी एकाच ठिकाणी याव्या लागतात. खाली ओली हवा, म्हणजे ड्यू पॉइंट १६-१८ च्या वर. तिच्यावर कोरडी हवा. आणि त्याच्याही वर, पाच-सहा किलोमीटरवर, नेहमीपेक्षा गार हवा, जी पश्चिमी झंझावाताच्या शेपटीबरोबर दक्षिणेला खाली उतरते. खाली तापलेलं ओलं, वर गार, म्हणजे खालची हवा एकदा उचलली गेली की ती थांबतच नाही, दहा-बारा किलोमीटरपर्यंत ढग उभा राहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये शून्य अंशाची पातळी चारेक किलोमीटरवर असते, म्हणून गारा जमिनीपर्यंत यायच्या आत पूर्ण वितळत नाहीत. भर पावसाळ्यात ही पातळी पाच किलोमीटरच्या वर जाते आणि ढगातले वर जाणारे झोतही मवाळ असतात, म्हणून जुलैत धो धो पाऊस पडतो पण गारा नाहीत. २०१४ ला फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्रात जी गारपीट झाली ती विसरणं शक्य नाही, गहू हरभरा द्राक्ष डाळिंब सगळं झोपलं. एका दिवसाची गोष्ट नव्हती ती, खाली समुद्राची ओल येत राहिली आणि वरून गार हवेची द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट खळगा, टिकून राहिली, त्यामुळे रोज दुपारी नवा ढग.

पेपरातलं हवामानाचं वाक्य कसं वाचायचं ते बघू. दक्षिण छत्तीसगडपासून विदर्भ, मराठवाडा, कर्नाटकपर्यंत समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंचीवर हवेच्या कमी दाबाचा पट्टा, अशा टाइपचं वाक्य तुम्ही शंभरदा वाचलं असेल आणि पुढं गेला असाल. हाच तो ओल्या-कोरड्याचा सांधा! त्याच्या पूर्वेला उपसागराची दमट हवा, पश्चिमेला कोरडी किंवा वेगळ्या दिशेनं आलेली हवा, आणि दोन्हीकडचे वारे येऊन तिथं मिळतात त्यामुळे हवेला वर जाण्याशिवाय पर्याय नसतो. त्या विचित्र आकड्यांचं रहस्य पण सांगून टाकतो, ०.९, १.५, ३.१, ५.८ किलोमीटर हेच आकडे पुन्हा पुन्हा येतात कारण ते अनुक्रमे ९२५, ८५०, ७०० आणि ५०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळ्या आहेत, हवामानवाले नकाशे त्याच पातळ्यांवर काढतात. तर ०.९ आणि १.५ वर पट्टा किंवा चक्राकार वारे लिहिलं असेल तर ओल जमतीये, आणि त्याच बातमीत ५.८ वर पश्चिमी वाऱ्यांची द्रोणी असं पण असेल तर वर गार हवा पण आहे. दोन्ही एकत्र आले आणि तुमचा जिल्हा त्या रेषेवर किंवा जरा पूर्वेला असेल तर काढलेला कांदा त्या दुपारी उघड्यावर ठेवू नका.

विंडीसारख्या अॅपवर हेच स्वतः बघता येतं. उंची ८५० वर घ्या, वारा बघा, दोन दिशांचे प्रवाह कुठं मिळतात ती रेष शोधा. मग ड्यू पॉइंटचा लेअर लावा, रंग कुठं बदलतो बघा. दोन्ही रेषा साधारण एकाच ठिकाणी दिसतील. मग ५०० वर जाऊन टेंपरेचर बघा, आजूबाजूपेक्षा गार जीभ खाली उतरलीये का. युरोपियन मॉडेल आणि अमेरिकन मॉडेल दोन्ही लावून बघा, दोघांत रेष शंभर-दोनशे किलोमीटर इकडंतिकडं असते, तेवढी चूक धरूनच चाला. आणि कुठल्या गावात किती वाजता हे आदल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही, जो यूट्यूबवर तालुक्याचं नाव घेऊन सांगतो त्याच्यापासून लांब राहा.

त्या दिवशी मात्र सकाळपासून बघायचं. अकरापर्यंत कापसाचे छोटे ढग वर चढायला लागले आणि उंचीला रुंदीपेक्षा जास्त झाले तर झाकण लवकर फुटणार. दोन-तीन वाजेपर्यंत आकाश कोरं, प्रचंड उकाडा, तर झाकण घट्ट आहे, एक तर काहीच होणार नाही नाहीतर संध्याकाळी चार-पाचला एकदम होईल. ढगाचा माथा फुलकोबीसारखा टणक दिसतोय तोवर तो वाढतोय, माथा पसरून ऐरणीसारखा सपाट झाला म्हणजे वादळ पूर्ण तयार. आणि पावसाच्या आधी जो गार वारा सुटतो, मातीचा वास घेऊन, धुळीसकट, तो ढगातून खाली पडलेल्या गार हवेचा लोट, तोसुद्धा एक छोटा फ्रंटच, आणि तो पुढं जाऊन दुसरीकडच्या ओल्या हवेला उचलतो, म्हणून वळीव एका गावावरून दुसऱ्या गावावर उड्या मारत जातो. शेवटच्या तासात हवामान खात्याच्या मुंबई, नागपूर, गोव्याच्या रडारची चित्रं बघा, आणि विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अॅप फोनमध्ये असू द्या, झाडाखाली थांबू नका एवढं कळत असलं तरी वीज साधारण किती लांब आहे ते हे अॅप सांगतं.

सॅटेलाइटच्या चित्रांबद्दल एवढंच की इन्सॅटची वॉटर व्हेपर म्हणजे पाण्याच्या वाफेची जी इमेज असते ती मुख्यतः वरच्या थरातली ओल दाखवते, जमिनीजवळची नाही. त्यात महाराष्ट्रावर काळा कोरडा पट्टा दिसतोय आणि तुमचा ड्यू पॉइंट २० आहे असं होऊ शकतं, आणि तसं दिसलं तर निश्चिंत होऊ नका, खाली ओलं वर कोरडं ही तर गारपिटीची मांडणी झाली.

मॉन्सून पण हेच आहे

मॉन्सून म्हणजे नुसता पाऊस असं आपण धरतो. खरं तर तो हवेचा बदल आहे, दक्षिण गोलार्धात मादागास्करच्या पूर्वेला जो उच्च दाब असतो तिथून निघालेली हवा विषुववृत्त ओलांडते, सोमालियाच्या किनाऱ्याजवळून वळते, अरबी समुद्रावरून हजारो किलोमीटर येताना वाफेनं भरते आणि सह्याद्रीला धडकते. घाटावर तिला चढायलाच लागतं, चढली की गार होते, गार झाली की ओतते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, घाट उतरून वाईला आलं की आणखी कमी, आणि तसंच पूर्वेला माण-दहिवडीला गेलं की पाचशेच्या आसपास. हवा तीच, पण दहिवडीला पोचेपर्यंत निथळलेली आणि उतरताना तापलेली. कुठल्या जागेवर वर्षातले किती दिवस कुठली हवा असते आणि ती तिथं चढते की उतरते, याची बेरीज म्हणजे त्या जागेचं हवामान.

मॉन्सून रेंगाळला म्हणतात तेव्हा बऱ्याचदा वायव्येची कोरडी हवा मध्ये घुसलेली असते. २०२५ चं आठवा, केरळात २४ मे, मुंबईत २६ मे, सगळे खूष, आणि मग जूनच्या मध्यापर्यंत गाडी अडकली. अशा वेळी पेरणीची घाई करायची का हे ठरवताना ८५० चा वारा बघा, पश्चिमेचा प्रवाह जोरात आणि सलग असेल तर ठीक, विस्कटलेला किंवा वायव्येचा असेल तर थांबा. जुलै-ऑगस्टमध्ये पेपरात मॉन्सूनचा आस हिमालयाच्या पायथ्याशी सरकला असं आलं की समजायचं आपल्याकडं उघडीप. हा आस म्हणजे कमी दाबाचा लांब पट्टा, तो राजस्थानातल्या गंगानगरकडून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला असतो आणि मॉन्सूनची ओली हवा आणि पलीकडची हवा यांचा तो सांधा, तो जिकडं जातो तिकडं पाऊस.

खरा फ्रंट बघायचा असेल तर

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी हा तुकडा. डॅलस, ऑस्टिन, ओक्लाहोमा सिटीकडं असाल तर तुमच्याकडं पुस्तकातला फ्रंट जसाच्या तसा मिळतो. मेक्सिकोच्या आखाताची दमट हवा, दक्षिणेचा वारा, ड्यू पॉइंट चढा, दाब पडतोय, आणि मग वायव्येला गडद रेष. ती गेली की अर्ध्या तासात वारा उत्तरेचा, दाबाची उडी, ड्यू पॉइंट धाडकन खाली. ११ नोव्हेंबर १९११ ला ओक्लाहोमा सिटीत एकाच दिवसात २८ अंश आणि उणे ८ अंश दोन्ही झाले. शीत आघाडीचा उतार चढा असतो, शंभराला एक किंवा त्याहून उभा, म्हणून मारामारी अरुंद पट्ट्यात आणि पटकन, उष्ण आघाडीचा उतार दोनशेला एक वगैरे, त्यामुळे तिचे वरचे तंतूढग हजार किलोमीटर आधीच दिसतात आणि मग दिवसभर रिपरिप. मेलबर्नवाल्यांनी दिशा उलट्या करायच्या, उन्हाळ्यात उत्तरेचा वारा म्हणजे वाळवंटाची भट्टी आणि दक्षिणेचा म्हणजे सुटका, तासाभरात पंधरा-वीस अंश उतरतात.

आणि दिल्लीला यूपीएससीच्या क्लाससाठी गेलेल्या पोरांनी जानेवारीत एवढं लक्षात ठेवायचं, आग्नेयेचा वारा आणि ढग म्हणजे झंझावात येतोय, तो गेल्यावर जमीन ओली आणि वारा पडलेला असेल तर दुसऱ्या पहाटे दाट धुकं, त्या सकाळची ट्रेन किंवा विमान धरू नका.

सुरुवात कधी करायची विचाराल तर ऑक्टोबर सगळ्यात बरा. मॉन्सून परतला हे हवामान खातं नुसता पाऊस थांबला म्हणून जाहीर करत नाही, पाच दिवस पाऊस नाही, दीडेक किलोमीटरवर उलट फिरणारे उच्च दाबाचे वारे बसलेत आणि सॅटेलाइटवर ओल कमी झालीये हे सगळं बघून करतं, मुंबईची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. फोनमध्ये जळगाव, नाशिक, पुणे, कोल्हापूर, पणजी अशी पाच गावं टाकून ठेवा आणि महिनाभर रोज संध्याकाळी सहाला त्यांचे ड्यू पॉइंट वहीत लिहा, कोरडी हवा उत्तरेकडून एकेक गाव घेत दक्षिणेला कशी सरकते ते त्या आकड्यांत सरळ दिसतं, मध्येच उपसागरात कमी दाब झाला की ती परत मागं कशी हटते ते पण.